बाबांचा तीन पात्यांचा चाकू

आई,

बाबांसाठी चाकू घ्यायचा होता, आणि तो कसा निवडावा हे विचारावं असं तुझ्याशिवाय कोणी नव्हतं. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, की तू ज्यांना पाहिलंही नाहीस ती नातवंडं आता मोटारसायकल चालवतात. तरी पालघरच्या त्या दुकानाच्या पायरीवर उभी राहून मी मनातल्या मनात आधी तुलाच हाक मारली. हसू नकोस. तुझी मुलगी बोईसरला कारखान्यात स्टोअर सांभाळते. पान्यापासून बेअरिंगपर्यंत येणारा प्रत्येक माल पारखून घेते, खराब निघाला तर पुरवठादाराला फोनवर घाम फोडते, आणि एक खिशातला चाकू घ्यायची वेळ आली तेव्हा तिला आई आठवली. पण पहिला चाकूही तूच घेतला होतास, तेव्हा हे खातं मुळात तुझंच.

तो दिवस मला अजून लख्ख दिसतो. माकुणसारच्या जत्रेतली संध्याकाळ आहे. दादा पायात काटा रुतला म्हणून बाबांच्या खांद्यावर आहे आणि मी तुझ्या पदराला धरून चालते आहे. बाबांकडे तोवर स्वतःचा चाकू नव्हता. पानवेल बांधायला लागणारं केळीच्या सालीचं सोपट ते दातांनी फाडत, नाहीतर शेजारच्या वाडीतून चाकू मागून आणत, आणि मागून आणलेली वस्तू घरात राहिली की तुला झोप लागत नसे. तर तू एका लोखंडी सामानाच्या पालापुढे उकिडवी बसलीस आणि चाकू काढायला लावलेस. एक, मग दुसरा, मग सगळेच. बाबा मागे उभे राहून "असू दे, कोनताबी घे" म्हणत होते आणि लाजेने इकडे तिकडे बघत होते. तू पालवाल्याकडे तांब्याभर पाणी मागितलंस, त्यात बोटं बुडवलीस आणि ओल्या अंगठ्याच्या नखाने पाती उघडून बघायला लागलीस. तो म्हणाला, "बाई, हात तरी पुसा." तू म्हणालीस, "कोरड्या हातानं कोनीपन उघडील. वाडीत ह्यांचे हात कोरडे असतात कदी?" मग मिटलेला चाकू कानाजवळ नेऊन हलवलास. "वाजतो. नको." दुसरा उघडून पात्याचं टोक चिमटीत धरून डावी-उजवीकडे ढकललंस. "डुगडुगतो. नको." शेवटी तो माणूस वैतागून म्हणाला, "अहो, चाकू घेताय का जावई?" तू वर न बघताच सांगितलंस, "जावई बिघडला तर मुलगी सांभाळून घेईल. चाकू बिघडला तर बोट जातं." बाबासुद्धा हसले तेव्हा. ते हसले की दादाचे खांद्यावरचे पाय हलत, ते मला आठवतं.

तू निवडलास तो तीन पात्यांचा होता. एक लांब आणि टोकदार, फळांसाठी. एक सरळ धारेचं, बोथट नाकाचं, सोपट आणि सुंभ कापायला, म्हणजे वेलीजवळ हात चुकला तरी टोक वेलीत घुसू नये. आणि तिसरं करंगळीएवढं, काटा काढायला, आमच्या पेन्सिलींना टोक करायला. म्हशीच्या शिंगाची काळी मूठ. तो तू बाबांच्या हातात दिला नाहीस. समोरच्या फळीवर ठेवलास आणि म्हणालीस, "घ्या." त्यांनी तो फळीवरून उचलला. आपल्या घरात सुरी, कात्री, कोयता काही हातातून हातात जात नाही. खाली ठेवायचं, दुसऱ्याने उचलायचं. हातात दिलं तर भांडण होतं, असं तू सांगायचीस. इतकी काळजी घेऊनही तुम्ही दोघं माकुणसार ते केळवे रस्ताभर भांडत आलात, कारण बाबांना म्हणे लाल मुठीचा आवडला होता. ते तोंडाने म्हणाले नव्हते, ही चूक त्यांची.

तो चाकू बाबांच्या अंगातल्या कोपरीच्या खिशात मग जन्मभर राहिला. रोज रात्री खोबरेल लावलेल्या फडक्याने पुसून ठेवायचे, कारण आपल्याकडचं खारं वारं लोखंडाला सोडत नाही. आणि दुपारी वाडीत विहिरीच्या काठावर बसून ते फळ कापत. पपई असो, पेरू असो, चिकू असो, पहिली फोड तुझी. तू कुठेतरी वेली बांधत असायचीस, हाक मारली तरी "आले, आले" म्हणत यायची नाहीस. ते एक विड्याचं पान तोडून काठावर ठेवायचे, त्यावर तुझी फोड, आणि मग आम्हाला द्यायचे, मग स्वतः घ्यायचे. तू येईपर्यंत बऱ्याचदा मुंग्या येऊन गेलेल्या असत. तू फोड झटकायचीस, फुंकर मारायचीस आणि खाऊन टाकायचीस. मी एकदा विचारलं होतं, आईची शेवटी का नाही कापत, म्हणजे मुंग्या लागणार नाहीत? बाबा म्हणाले, "शेवटची फोड कोनालाबी मिळते, बाय." मला तेव्हा काही कळलं नाही. मला माझी फोड मिळाली होती, तेवढं पुरेसं होतं.

आता इकडचं सांगते. पाऊस सरता सरता बाबांना चाकू लागला. चूक त्यांच्या हाताची कमी आणि चाकूच्या वयाची जास्त. आतली पट्टी, जी पात्याला उघडं धरून ठेवते, ती थकली होती. नारळाची दोरी कापताना लांब पातं आपोआप मिटलं आणि अंगठ्यावर बसलं. एरवी हळद दाबून माणूस कामाला लागला असता. पण बाबांना हृदयासाठी रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, तुला हे माहीत असायचं कारण नाही. रक्त थांबेचना. दादा त्यांना रिक्षात घालून सफाळ्याला डॉक्टरकडे घेऊन गेला, सगळा रस्ता त्यांचा अंगठा स्वतःच्या मुठीत आवळून. टाके पडले, पट्टी झाली, बाबा रिक्षातून उतरले ते "चहा टाका" म्हणतच. दादा मात्र उतरला तो थेट वाडीत गेला, काठावर पडलेला चाकू उचलला आणि विहिरीत टाकला.

हो, विहिरीत. तू निवडलेला चाकू. मी ऐकलं तेव्हा मला इतका राग आला की मी फोनच ठेवून दिला. वड्याचं तेल वांग्यावर काढतात ते असं. पण वहिनी नंतर हळूच म्हणाली, दादाचा शर्ट धुताना तीनदा पाणी बदलावं लागलं, आणि तो न्हाणीघरात बराच वेळ बसला होता. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि दादाचे तर हातच पोळले होते. बाबा त्याला एवढंच म्हणाले, "इरीत टाकलास? पानी पितो ना आपन तिचं." आवाज चढवला नाही. त्यानंतर चाकूचा विषयच नाही.

विषय नव्हता, पण हात होता. मी रविवारी जाते तेव्हा बघायची. ओटीवर बसलेत, गप्पा चालल्यात, आणि उजवा हात मधूनच कोपरीच्या खिशात जातो, रिकामा बाहेर येतो आणि मांडीवर पडतो. वहिनी वाटीत फळं कापून आणायची. चिकूच्या छान सारख्या फोडी, बिया काढलेल्या, वर काटा टोचलेला. बाबा वाटीकडे बघायचे आणि म्हणायचे, "पोरांना द्या. मला नको." वहिनीला वाटलं चव गेली. दादाला वाटलं गोळ्यांनी भूक मेली. डॉक्टरांनी एक सिरप लिहून दिलं, तेही घेतलं त्यांनी निमूटपणे. जेवायचे, पण मोजकंच. फळ मात्र नाहीच. ज्या माणसाने जन्मभर वाडीतलं फळ झाडाखाली बसून खाल्लं, तो फळाला हात लावत नाही, दुपारी वाडीतही जात नाही, भिंतीला टेकून रस्त्याकडे बघत बसतो. मला भीती वाटली, आई. बाबा मरतील ही भीती नव्हती, त्या वयात ती कायमचीच असते. ते असे एकेक गोष्ट खाली ठेवत जातील आणि आपण प्रत्येक वेळी "बरं झालं, आता सुरक्षित" म्हणत राहू, याची भीती वाटली.

आणि मग खंडेनवमी आली. तुझ्या वेळेसारखीच देव्हाऱ्यापुढे हत्यारं मांडली होती. कोयता, कुदळ, विळी, दादाच्या पंपाचा पाना, धाकट्या नातवाचा लॅपटॉपसुद्धा, त्याच्यावर झेंडूचं फूल. बाबांचा चाकू नेहमी विळीच्या डावीकडे असायचा. त्या जागी बाबांनी एक सुपारी ठेवली होती. कुंकू लावून, फूल वाहून. बायको नसली की तिच्या जागी सुपारी घेऊन पूजेला बसतात, तशी. दादाने ती पाहिली आणि मान फिरवली. मी पाहिली आणि ठरवलं, चाकू आणायचा.

ठरवणं सोपं होतं. घ्यायला निघाले तेव्हा कळलं, की खिशात मावणारा, दोन-तीन पात्यांचा, साधा जुन्या पद्धतीचा चाकू आता कोणाला नको आहे, त्यामुळे कोणी ठेवतही नाही. ऑफिसातल्या एका मुलीने मोबाइलवर चाकू दाखवले. एकाला बारा अवजारं होती: करवत, बाटली उघडायचं, कात्री, आणि भिंग. नाकापेक्षा मोती जड. बाबांना त्यातलं पातं शोधेपर्यंत चिकू पिकून गळला असता. दुसरा हिरव्या-काळ्या ठिपक्यांचा, मूठ माझ्या पंज्याएवढी, बाजूच्या चित्रात एक दाढीवाला कड्यावर उभा. "मॅडम, जंगलात जगायला बेस्ट आहे," ती म्हणाली. बाबांना जंगलात जगायचं नव्हतं, ओटीवर बसून फळ खायचं होतं. आमच्या वर्कशॉपचा फिटर उत्तर भारतातला आहे, मनाने भला आणि सल्ले द्यायला उदार. तो म्हणाला, "मॅडमजी, बुजुर्ग आदमी को प्लास्टिकवाला दे दो, जो केक के साथ आता है." मी त्याच्याकडे असं पाहिलं, की दोन दिवस तो स्टोअरच्या खिडकीकडे फिरकला नाही.

बोईसर स्टेशनच्या रस्त्यावर कटलरीची दुकानं धुंडाळली. बटण दाबलं की सट्कन उघडणारे मिळाले, ते मला बघायलाही नको वाटले. त्यांचा रोखच फळाकडे नाही. खटक्याने पक्के बसणारे मिळाले. ते मी बराच वेळ हाताळले, कारण दादाला हाच पटला असता: पातं उघडलं की आपोआप मिटणारच नाही. पण मिटायचं म्हणजे एका बोटाने खटका दाबून धरायचा आणि दुसऱ्या हाताने पातं वळवायचं. बाबांच्या अंगठ्यात आता ती ताकद नाही, आणि धारेच्या वाटेत बोट ठेवून दाबायचं, हे मलाच नीट जमेना. चांगल्या हाताच्या माणसाची सोय ती थरथरत्या हाताला अडचण. हे सगळं मी तुला मनात सांगत होते आणि तू म्हणत होतीस, बघ, पुढचा काढायला सांग.

शेवटी पालघरला एक जुनं दुकान सापडलं, अडकित्ते, कात्र्या, वस्तरे विकणारं. गल्ल्यावर मालकाची सून होती. "असले आमचे सासरे ठेवायचे," असं म्हणत तिने मागच्या कपाटातून एक डबा काढला आणि माझ्यापुढे ठेवून मोबाइल बघत बसली. डब्यात कागदात गुंडाळलेले पाचसहा चाकू होते. मी पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि बोटं ओली केली. तिने मोबाइलवरून मान उचलली. मग मी एकेक चाकू कानाजवळ नेऊन हलवला. तिने मोबाइल खाली ठेवला. पहिला वाजला. दुसऱ्याचं लांब पातं डुगडुगत होतं. तिसरा इतका घट्ट होता की माझं नख तुटलं. चौथा दिसायला देखणा, लाल मुठीचा, आणि मी क्षणभर थांबले, कारण बाबांना लाल आवडतो हे मला माहीत होतं. पण त्याची नखाची खाच उथळ होती, ओल्या बोटाने उघडेना. ठेवून दिला. पाचवा काळ्या मुठीचा, तीन पात्यांचा. मुठीत मावला आणि मिटल्यावर कुठे कोपरा टोचेना. पाती उघडताना जोर लागला, पण नखाला झेपेल एवढाच. आणि एक गोष्ट तुझ्या चाकूत नव्हती ती यात निघाली: मिटताना पातं अर्ध्यावर येऊन टक् करून थांबत होतं, पुढे मिटायला पुन्हा ढकलावं लागत होतं. म्हणजे हात थरथरला तरी पातं एका झटक्यात बोटावर येणार नाही. पोलाद चकचकीत नव्हतं, काळसर होतं, निगा राखली नाही तर गंजणारं. पण घरच्या दगडावर धार घेणारं तेच, आणि निगा राखायला बाबांना दिवसभर दुसरं काय आहे? मला इतका आनंद झाला की त्या सुनेला सांगून टाकलं, "माझ्या आईने पास केला." तिने बिचारीने "हो का, कुठे आहेत त्या?" म्हणून दाराकडे पाहिलं.

इथपर्यंत तू खूश झाली असशील. पुढचं ऐक. दादाला न विचारता चाकू नेणं मला बरं वाटेना. रोजचं बघणारा तो आहे, मी रविवारची पाहुणी. फोन केला. तो म्हणाला, "तुला काय जातं? रक्त वाहिलं तर तू तिथे बोईसरला, धावायचं मी." खरं होतं ते. मी अर्ध्यावर थांबणाऱ्या पात्याचं सांगितलं, घट्ट पट्टीचं सांगितलं. तो ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "ठीक हाय, आन. पन धार घालवून आन. त्यांना खिशात ठेवायला चाकू पायजे ना? ठेवू दे." मला ते शहाणपणाचं वाटलं, आई. दोघांचंही राहील असं वाटलं. मी चाकू वर्कशॉपमध्ये नेला. फिटर दोनदा म्हणाला, "नये चाकू की धार उतारनी है? पक्का?" पक्का म्हटलं. त्याने घासपट्टी घेतली आणि तिन्ही पात्यांची धार उतरवून दिली. आपल्या घरात जत्रेतून पारखून चाकू आणणारी बाई होऊन गेली, आणि तिच्याच मुलीने पारखून आणलेला चाकू बोथट करून घेतला.

गेल्या रविवारी गेले. बाबा ओटीवर होते, दादा आणि वहिनीही. मी चाकू त्यांच्यापुढे पाटावर ठेवला आणि म्हणाले, "घ्या." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पाटाकडे पाहिलं आणि उचलला. नखाने लांब पातं उघडलं. उघडताना ते टक् वाजलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. मग त्यांनी पातं डाव्या अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवलं. धार असेल तर नखावर अडकते, नसेल तर घसरते. घसरलं. दुसरं पातं उघडलं, घसरलं. तिसरंही. तिन्ही पाती एकेक करून मिटली आणि चाकू पाटावर होता तसा ठेवून दिला.

"ह्याच्यापेक्षा चमचा दे," बाबा म्हणाले.

मग ते दादाला म्हणाले, "नवा चाकू बोथट येत नाय. कोनी केला?" दादा म्हणाला, "मी सांगितलं होतं." मी म्हणाले, "मी करून घेतला." बाबांनी दोघांकडे पाहिलं, लहानपणी पेरू चोरल्यावर पाहायचे तसं. "बोथट चाकूला जोर लावावा लागतो," ते म्हणाले. "जोर लावला की हात सटकतो. मला कापायचाच असेल तर हाच द्या." मग थोड्या वेळाने, दादाकडे न बघता, "तू घाबरलास ते कळतं मला. त्या दिवशी तुझा हात माझ्यापेक्षा जास्त थरथरत होता. पन तू समोर बस ना. चष्मा लावतो, बसून कापतो. तुला पन फोड देईन."

दादा उठला आणि तरातरा आत गेला. मला वाटलं बिनसलं. वहिनीने माझ्याकडे पाहिलं. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात धारेचा दगड होता, तोच जुना, मधोमध झिजून खोलगट झालेला, आणि दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. बाबांच्या पुढ्यात बसला आणि दगडावर पाण्याची धार धरली.

मला हे तुला नीट सांगायचं आहे, कारण तिथे तू नव्हतीस आणि असायला हवी होतीस. बाबा चष्मा लावून बसलेत, पण दगडाकडे बघत नाहीत. मान थोडी कलती, कान दगडाकडे. हात थरथरतो आहे, पण पातं दगडाला टेकलं की थरथर थांबते, जसं पाणी भरलेला हंडा डोक्यावर आला की बाईची चाल सरळ होते. खस्स, खस्स. दादा पाणी सोडतो आहे, थेंब-थेंब, घाई नाही. अधूनमधून बाबा पातं नखावर टेकवतात आणि मान हलवतात: अजून नाही. दादा पुन्हा तांब्या तिरपा करतो. मध्ये एकदा बाबा म्हणाले, "पानी कुठलं?" दादा म्हणाला, "इरीचं." बाबा "हं" म्हणाले. एवढंच. त्या विहिरीच्या तळाशी तुझा चाकू आहे, आणि तिच्याच पाण्याने नव्याला धार लागत होती, हे आम्हा तिघांनाही कळत होतं. मला रडू आलं ते मी चहाला साखर घालायच्या निमित्ताने आत जाऊन आटोपून घेतलं. फक्त लांब पात्यालाच धार लागली, त्यातच बाबा दमले. बाकीची दोन पाती अजून बोथट आहेत.

मग त्यांनी चिकू मागितला. वहिनीने टोपलीच आणून ठेवली. त्यांनी दाबून दाबून एक निवडला, साल काढली. पूर्वीसारखी अखंड नाही निघाली, तुकड्या-तुकड्यांनी निघाली, दादा समोर श्वास रोखून बसला होता. सोलून झाल्यावर त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, आणि नातवाला म्हणाले, "मागनं एक पान तोडून आन रे." त्याने विड्याचं पान आणून दिलं. बाबांनी ते ओटीच्या कठड्यावर ठेवलं, हाताने सपाट केलं, आणि पहिली फोड कापून त्यावर ठेवली. मग दादाला एक दिली, मला दिली, वहिनीला, नातवाला, आणि उरलेली स्वतः खाल्ली. अख्खी खाल्ली, बिया थुंकत, बोटं चाटत. आणि दुसरा चिकू घेतला.

तेव्हा मला कळलं, आई. चवही गेली नव्हती आणि भूकही मेली नव्हती. वाटीत कापून आलेल्या फोडींत पहिली फोड कुठली ते ओळखायचं कसं? तुझी कुठली म्हणून बाजूला काढायची? तू गेल्यापासून ते रोज दुपारी वाडीत एकटे जात होते ते यासाठी. वहिनीने मग आपणहून सांगितलं, की विहिरीच्या काठावर कधीकधी सुकलेलं पान दिसायचं, तिला वाटायचं वाऱ्याने आलं असेल. आम्ही त्यांचा चाकू काढून घेतला तेव्हा तुला फळ देणंही बंद केलं, आणि वर त्यांना सिरप दिलं.

संध्याकाळ व्हायला आली तसे बाबा उठले. चाकू पुसला, मिटताना पातं अर्ध्यावर थांबलं तेव्हा "हां, हे बरं हाय" म्हणाले, आणि कोपरीच्या खिशात टाकून वाडीकडे गेले, कितीतरी दिवसांनी. दादा थोडं अंतर ठेवून त्यांच्या मागे गेला. वहिनी चुलीकडे वळली. मला स्टेशनला सोडायला रिक्षा यायची होती, म्हणून मी ओटीवर एकटीच बसले होते. कठड्यावर पान होतं, पानावर तुझी फोड होती, आणि खालून मुंग्यांची रांग चढायला लागली होती.

हे लिहिलेले कागद माझ्या कपाटात साड्यांखाली राहतील. तुझा पत्ता मला ठाऊक नाही आणि बाबांना ते वाचून दाखवायची माझी हिंमत नाही. बाबा वाडीतून परत आले तेव्हा त्यांनी कठड्याकडे पाहिलं. पान रिकामं होतं. ते थोडा वेळ तिथे उभे राहिले, मग समाधानाने पान उचलून अंगणात टाकलं. तुझी फोड मी खाल्ली, आई. झटकली, फुंकर मारली आणि खाल्ली. चिकू गोड होता.